बल्ब बदलण्याआधी मीटर लावा : गाडीच्या हेडलाइटमधला विजेचा बिघाड शोधण्याची रीत

गणपतीला गावी निघालो होतो. दादरपासून पनवेलपर्यंत रस्त्यावर इतका उजेड असतो की आपल्या गाडीचे दिवे लागलेत की नाहीत, हेसुद्धा कळत नाही. वडखळ मागे पडलं, रस्त्याचे दिवे संपले आणि तेव्हा दिसलं, की डावा हेडलाइट पणतीसारखा पिवळा जळतोय. कशेडी घाट भर पावसात एका दिव्यावर पार केला. मागच्या सीटवर आई होती, दोन मुलं होती. तो पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही.

त्याआधीच्या महिन्यात एका गॅरेजमध्ये तोच डावा बल्ब दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा दिवा चार दिवस बरा चालला आणि पुन्हा मंदावला. गावाहून परतल्यावर सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडून व्होल्ट मोजणारा मीटर लावला, तेव्हा बल्बचा काहीच दोष नव्हता. हेडलाइटच्या मागे अर्थची वायर, म्हणजे बॉडीमार्फत वीज बॅटरीकडे परत नेणारी, जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते, तिथला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवा पडला होता. बल्ब बदलताना वायर हलायची, सांधा तेवढ्यापुरता धरायचा आणि गाडी बरी झाली असं वाटायचं. १० नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पंधरा मिनिटं एवढंच लागलं. एकही नवा पार्ट घालावा लागला नाही.

त्या पंधरा मिनिटांपर्यंत सरळ वाटेने कसं पोचायचं, ते इथे लिहितोय. मुंबईत याची गरज जास्त पडते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि उघड्यावर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक जसं कळकतं, तशीच तांब्याची वायर आणि पितळेची पिन या हवेत हिरवी पडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात बुडून निघालेल्या आमच्या गल्लीतल्या गाड्या वाळल्यावर सुरू झाल्या खऱ्या, पण त्यांचे दिवे पुढच्या हिवाळ्यापर्यंत एकेक करून रुसत गेले. कोपऱ्यावरच्या गाळ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे चाचा तेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत हेच काम करत बसायचे. मी शेजारी उभा राहून बघायचो. त्यांचं वाक्य ठरलेलं असे, “पहले अर्थ देखो.”

हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडला चार-पाचशे रुपयांत कामापुरता चांगला मिळतो. दुसरा टेस्ट लॅम्प, तो घरीच बनवा : इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. हा गावठी दिवा कित्येकदा मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो, का ते पुढे येईलच. याशिवाय दोन मीटर लांबीची एक सुटी वायर, १० नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, त्याच रेटिंगचे दोन-चार जादा फ्यूज आणि मदतीला एक माणूस. तो गाडीत बसून दिवे लावेल, डिपर-अप्पर (लो बीम-हाय बीम) करेल. एकट्याने हे काम होतं, पण दुप्पट वेळ खातं.

सुरू करण्याआधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि बॉडीला एकदम धातू टेकला तर कातडी भाजते. इंजिन गरम असेल तर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू शकतो, बोटं लांब ठेवा. इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर गाडी मोकळ्या हवेत घ्या, बंद पार्किंगमध्ये धूर साठतो. आणि दिव्यात झेनॉन असेल, म्हणजे ज्याला आपण एचआयडी म्हणतो, तर बल्बच्या वायरीला हातही लावू नका. पेटताना तिथे २० हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो.

आधी नुसतं बघा

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर तीन-चार मीटरवर उभी करा. पार्किंग लाइट, लो बीम, हाय बीम असं क्रमाने लावून दोन्ही ठिपक्यांची तुलना करा. शहरात ही सवय फार उपयोगाची आहे, कारण एक दिवा गेला तरी दुसऱ्यावर निभावतं आणि कळतच नाही. “दोन्ही दिवे एकदम गेले” म्हणून लोक येतात, तेव्हा बऱ्याचदा पहिला महिन्यापूर्वीच गेलेला असतो.

काच पिवळी, धुरकट झाली असेल तर आधी ती घासून साफ करा. हेडलाइटचं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं. बल्ब पूर्ण तेजाने जळत असला तरी उजेड आतच अडतो. हा विजेचा बिघाड नाही आणि त्यावर मीटर लावून उपयोग नाही.

आता लक्षणं. ती नीट वाचता आली तर अर्धं काम इथेच होतं.

दोन्ही लो बीम बंद आणि हाय बीम ठीक असेल, तर दोन्ही बाजूंना जे सामाईक आहे तिथे बघायचं : फ्यूज, रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), स्विच. अर्थात दोन्ही बल्बांची लो फिलामेंट (बल्बातली जळणारी तार) गेलेली असण्याचीही शक्यता असते. एकच दिवा पूर्ण बंद असेल तर त्याच बाजूचा बल्ब, कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग), अर्थ किंवा त्या बाजूचा वेगळा फ्यूज. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याला स्वतंत्र फ्यूज असतो. दोन्ही मंद असतील आणि रेस दिल्यावर उजळत असतील, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे जा. बल्ब सारखे सारखे उडत असतील तर चार्जिंगचा दाब जास्त आहे किंवा बसवताना काचेला बोटं लागली आहेत. स्विच बंद करूनही दिवा जळतच असेल तर बहुधा रिलेचे आतले पॉइंट चिकटले आहेत.

आणि एक लक्षण असं, की ते दिसलं की मी बाकी काही न बघता थेट अर्थच्या बोल्टकडे जातो : एकच दिवा मंद, आणि डिपरवर असताना डॅशबोर्डवरची हाय बीमची निळी खूण अंधुक पेटलेली. एच४ बल्बमध्ये लो आणि हाय ही दोन फिलामेंट एकाच काचेत असतात आणि दोघांची परतीची वाट एकच. ती वाट तुटली की लो फिलामेंटमधून आलेला करंट हाय फिलामेंटमध्ये शिरतो आणि हाय बीमच्या वायरीने उलटा जाऊन दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थ गाठतो. जाता जाता निळी खूणही पेटवतो. इंडिकेटर लावला की त्या बाजूचा हेडलाइट त्याच तालावर लुकलुकतो, हेही याच जातीचं लक्षण. दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर असतो आणि तो बोल्ट धरत नसतो.

बॅटरी आणि फ्यूज

यावर फार वेळ घालवू नका, पण गाळूही नका. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ असेल तर जवळपास निम्मी. इंजिन सुरू करून बघा, १३.८ ते १४.५ हवेत. इंजिन चालू असतानाही १३ च्या खाली असेल तर दिवे मंद असणारच, आधी चार्जिंग दुरुस्त करा. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तुमचे बल्ब त्यामुळेच उडताहेत. फिलामेंटच्या बल्बला नेमापेक्षा पाच टक्के जास्त दाब मिळत राहिला तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चित्र असतं, त्यावरून हेडलाइटचे फ्यूज शोधा. बाहेर काढून डोळ्यांनी बघण्यात फसगत होते, केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूज जागेवरच ठेवा, दिवे लावा, मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि लाल तार फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांना एकेक करून टेकवा. दोन्हीकडे १२ आले तर फ्यूज ठीक. एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य, तर फ्यूज उडालेला. दोन्हीकडे शून्य, तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाहीये. रंग लक्षात ठेवा : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. जागी जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. एकीचं वायरिंग डॅशबोर्डच्या आत वितळून एकजीव झालं होतं.

बल्ब

डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून बघा. दोष बल्बाबरोबर सरकला तर बल्ब गेलाय, जागेवरच राहिला तर वायरिंगमध्ये आहे. याहून स्वस्त परीक्षा नाही. काच कधीही बोटांनी धरू नका, धातूच्या बुडाला धरा. बोटांचा तेलकटपणा तापल्यावर काचेत भाजला जातो आणि काच तिथेच तडकते. चुकून लागलाच हात, तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

मीटर ओहमवर, म्हणजे रोध (विजेला होणारा अडथळा) मोजायला ठेवून बल्ब तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहाव्या भागाइतका असतो, त्यामुळे आकडा १ ओहमच्याही खाली दिसला तरी घाबरू नका. आकडाच आला नाही तर फिलामेंट तुटलंय, एवढाच अर्थ त्यातून काढायचा.

बल्ब काढलाच आहे तर कपलरच्या आतही टॉर्च मारा. प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, एखादी पिन काळी पडली आहे का? बाजारात सर्रास मिळणारे १००/९० वॅटचे बल्ब घातलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. कंपनीचा एच४ हा ६०/५५ वॅटचा, म्हणजे साधारण ५ अँपिअर घेतो. १०० वॅटचा ८ च्या वर घेतो. वायर, स्विच आणि होल्डर त्यासाठी केलेलेच नसतात.

खरी परीक्षा : दिवा जळत असताना मोजा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बहुतेक जण कपलर काढतात, मोकळ्या पिनांमध्ये मीटर घालतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, “करंट येतोय, म्हणजे बल्बच गेलाय.” माझा डावा बल्ब दोनदा बदलला गेला तो असाच.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीतल्या तीस तारांपैकी एकोणतीस तुटलेल्या असल्या, तरी उरलेल्या एका तारेतून मीटरला पुरेल एवढा दाब सहज पोचतो आणि तो १२ दाखवतो. पण त्याच वाटेने बल्बला साडेचार-पाच अँपिअर न्यायचे म्हटले की ती तार थकते. टेस्ट लॅम्प स्वतः करंट खेचतो, म्हणून तो मीटरपेक्षा खरं बोलतो. नळाला हात लावून दाब बघण्यात आणि बादली किती वेळात भरते ते बघण्यात जो फरक, तोच इथे आहे. चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको, सकाळी सहाला सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर काय होतं ते ठाऊक असतं.

हिशेब करून बघा. ५५ वॅटच्या तापलेल्या फिलामेंटचा रोध साधारण २.६ ओहम. वाटेत कुठे गंजलेला सांधा आहे आणि त्याचा रोध नुसता अर्धा ओहम आहे असं धरा. १२ व्होल्टपैकी जवळपास २ व्होल्ट तो सांधाच खातो, बल्बला १० उरतात. फिलामेंटचा उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, फार भराभर कमी होतो. दहा टक्के दाब घटला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. इथे दाब सतरा टक्के घटलाय, म्हणजे उजेड जवळपास निम्मा. शिवाय त्या सांध्यात सात-साडेसात वॅट उष्णता तयार होत राहते, तिनेच कपलर वितळतो. हा अर्धा ओहम साधा मीटर ओहमवर ठेवून नीट सापडत नाही. करंट वाहता ठेवला की लगेच सापडतो.

म्हणून कपलर बल्बवरच राहू द्या. दिवे लावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. कपलरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून, बारीक टाचणी पिनेपर्यंत अलगद सरकवा आणि तिला मीटरची तार टेकवा. वायरीचं कव्हर टोचून भोक पाडू नका. मुंबईच्या दमट हवेत त्या भोकातून ओल आत जाते आणि तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं. वर्षाने तिथेच नवा बिघाड तयार होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

लो बीमची पिन आणि सामाईक पिन (दोन्ही फिलामेंटची मिळून एकच असते ती) यांच्यात किती व्होल्ट येतात बघा. त्याच क्षणी बॅटरीवर किती आहेत तेही बघा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टच्या आत फरक असेल तर वायरिंग चांगलं आहे. दीड-दोनचा फरक असेल तर वाटेत कोणीतरी खातंय. आता ते जातानाच्या वाटेवर आहे की परतीच्या, एवढंच शोधायचं उरलं.

परतीची वाट : अर्थ

दिवा जळत असू द्या. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, क्लॅम्पला नव्हे तर आतल्या शिशाच्या खुंटाला. दोन मीटरची सुटी वायर इथे कामाला येते. लाल तार कपलरच्या अर्थच्या पिनेला. चांगल्या गाडीत ०.१ च्या आसपास यायला हवं. ०.२ च्या वर गेलं तर अर्थ सुधारायला हवा. माझ्या गाडीत त्या दिवशी २.१ आलं होतं.

आता लाल तार एकेक पायरी मागे आणा. आधी अर्थच्या वायरीच्या थिंबलवर, मग बोल्टच्या डोक्यावर, मग बोल्टशेजारी बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे जोडली आहे तिथे. ज्या दोन जागांमध्ये आकडा धपकन खाली येतो, बिघाड त्याच दोन जागांच्या मध्ये. माझ्याकडे थिंबलवर २.० आणि पत्र्यावर ०.१ होतं. त्यापुढे शोधायला काही उरलंच नव्हतं.

खात्री करायला सुटी वायर घ्या, एक टोक अर्थच्या पिनेला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दिवा फाडकन उजळला तर निदान पक्कं. मदतीला आलेला माणूस गाडीत बसूनच ओरडतो, “आला, आला!”

इथे एक गफलत होऊ शकते. जपानी घडणीच्या अनेक गाड्यांत वायरिंग उलटं असतं. एच४ च्या सामाईक पिनेला थेट पॉझिटिव्ह येतो आणि स्विच लो किंवा हायची वायर अर्थला जोडतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा गाड्या भरपूर आहेत. ओळखायची रीत सोपी आहे. कपलर काढा, लो बीम लावा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला ठेवून तिन्ही पिना तपासा. सामाईक पिनेवर १२ आणि बाकी दोन्हींवर काही नाही, तर गाडी उलट्या पद्धतीची. मग परतीच्या वाटेवर स्विच किंवा रिलेही येतो, आणि तिथे आकडा थोडा जास्त आला म्हणून लगेच बोल्टला दोष देता येत नाही. वायरीचे रंग बघून अंदाज बांधू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. गाडीच्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम.

जातानाची वाट : रिले, स्विच, सांधे

रीत तीच, फक्त बाजू बदलते. लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटाला, काळी तार बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेला, दिवा जळता. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर काळी तार मागे मागे आणा : रिलेतून बाहेर पडणारी पिन, रिलेत येणारी पिन, फ्यूजच्या दोन बाजू.

रिलेच्या बुडावर आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीकडून वीज येते, ८७ वरून दिव्याकडे जाते, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं. दिवे लावल्यावर रिलेवर बोट ठेवा, टक् असा हलका ठोका जाणवला तर कॉइल काम करतेय. ठोका आहे, ३० वर वीज आहे पण ८७ वर नाही, तर आतले पॉइंट जळलेत. ठोकाच नाही, तर ८५ आणि ८६ मध्ये १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर रिले मेलाय, नसतील तर दोष स्विचच्या बाजूला आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले तोच आणि तेवढाच असतो. बुडावरचे आकडे जुळले तर दोघांची अदलाबदल करून क्षणात निकाल लागतो.

जुन्या गाड्यांत हेडलाइटला रिलेच नसतो, सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो. वर्षानुवर्षं डिपर मारून त्याचे पॉइंट झिजतात आणि दांडा थोडा हलवला की दिवे लागतात, सोडला की जातात. अशा गाडीला स्वतंत्र रिलेचं वायरिंग किट बसवणं हा पैशाचा सार्थ उपयोग आहे, ५५ वॅटचेच बल्ब नव्यासारखा उजेड देतात. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर मात्र तो स्विच स्वतः उघडू नका. ते काम माहितगाराचं आहे.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

नवे फ्यूज जाळत बसू नका. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांमध्ये घरी केलेला टेस्ट लॅम्प जोडा. आता शॉर्ट असला तरी लॅम्पमधून पावणेदोन-दोन अँपिअरच्या वर जाणार नाही, वायरिंग सुरक्षित. त्या फ्यूजवरच्या बल्बांचे कपलर काढा आणि दिव्याचा स्विच लावा. लॅम्प पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट वायरिंगमध्येच आहे. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत पुढे सरका : बॅटरीच्या ट्रेखालून, बंपरच्या मागून, पत्र्याच्या कडेवरून. हात लावताच जिथे लॅम्प विझतो, तिथे वायर सोलली गेलीय. मुंबईत बऱ्याचदा तिथे उंदराच्या लेंड्याही सापडतात. पावसाळ्यात उभ्या गाडीची ऊब त्यांना आवडते. कपलर काढल्यावर लॅम्प विझला आणि एकच कपलर परत लावल्यावर पेटला, तर त्यावरून दोष ठरवू नका, तो करंट बल्बमधूनच जातोय. तेव्हा लॅम्प तेजाने पेटला आणि हेडलाइट बंदच दिसला, तरी ते साहजिक आहे.

नव्या गाड्या आणि एलईडी

कंपनीच्याच एलईडी हेडलाइटमध्ये आपल्याला करण्यासारखं थोडं आहे : फ्यूज, अर्थ आणि बाहेरचा कपलर. हे तिन्ही ठीक असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडे जा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार संगणक बघतो. बाहेरून हॅलोजनच्या जागी बसवलेले एलईडी लुकलुकत असतील तर त्याचं कारण अनेकदा हेच असतं, की गाडीचा संगणक वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांत देतो किंवा बल्ब कमी वीज घेतोय म्हणून त्याला उडालेला समजतो. माझं मत विचाराल तर हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालूच नका. फिलामेंटची नेमकी जागा धरून तो रिफ्लेक्टर घडवलेला असतो. उजेड विस्कटतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो.

दुरुस्ती अशी करा की पुढचा पाऊस निघेल

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. अर्थचा बोल्ट काढा. थिंबलच्या दोन्ही बाजू आणि पत्र्यावरची थिंबलएवढी गोल जागा पॉलिश पेपरने लखलखीत करा. थिंबलमध्येच वायर हिरवी असेल तर ती मागे कापा, लाल तांबं दिसेपर्यंत. दोन-तीन इंच आत गेलं तरी कधीकधी काळंच निघतं, मग वायरचा तुकडाच नवा जोडावा लागतो. नवा थिंबल चांगल्या क्रिंपरने (थिंबल दाबायच्या खास पक्कडीने) दाबा, साध्या पक्कडीने चेपलेला टिकत नाही. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा. नुसती काळी टेप लावली तर एका पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि ती पाणी धरून ठेवायला लागते. बोल्ट घट्ट आवळल्यावर वरून ग्रीसचा थर द्या. आवळण्याआधी सांध्याच्या मध्ये ग्रीस भरू नका, धातूला धातू लागला पाहिजे. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवून वाळू द्या, सैल झाल्या असतील तर बारीक टोच्याने किंचित आवळा. हेडलाइटच्या मागचं रबरी बूट आणि झाकण परत नीट बसवायला विसरू नका. ते राहून गेलं की आत वाफ धरते, रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि मग अख्खा हेडलाइट बदलावा लागतो.

केबल जोडा, दिवे लावा आणि मघाची सगळी मापं पुन्हा घ्या. मग गाडी त्याच भिंतीसमोर नेऊन दोन्ही ठिपके एका उंचीवर येतात का बघा, बल्ब तिरका बसला असेल तर तिथेच कळतं.

ही मापं मी एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवतो. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि नवरात्रात, पुन्हा मोजतो. या मेमध्ये डावा अर्थ ०.०८ होता, उजवा ०.१९. उजवा मागच्या नवरात्रात ०.११ होता. दिव्यात अजून काहीही फरक दिसत नाहीये, पण येत्या रविवारी तो बोल्ट उघडणार आहे.